नदीचा काठ कोण मोजणार?

आषाढ लागला की आपल्या भागातली माणसे फुटांत बोलू लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा या सगळ्याच नद्यांच्या काठांना हे आकडे शिकवले. पाणी किती चढले, धरणातून किती सोडले, याची नोंद तासातासाला होते. पण ज्या काठांमधून ते पाणी वाहते, त्यांवर कुठे कोणते झाड उभे आहे, कुठे लव्हाळा आहे आणि कुठे नुसती उघडी माती, हे कुणी विचारत नाही. मलाही हा प्रश्न आपल्या नदीवर सुचला नाही. सुचला तो दूर उज्जैनला, क्षिप्रेच्या काठी.

उज्जैन तसे आपल्याला परके नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत शिंदेशाहीची राजधानी उज्जैनच होती. तेव्हापासूनची मराठी घरे तिथे अजून आहेत. माझी आत्या लग्न होऊन अशाच एका घरात गेली. तिची नात भूगोल शिकते. गेल्या चैत्रात मी तिकडे गेले, तेव्हा तिचे महाविद्यालयाचे काम चालू होते : क्षिप्रेच्या दोन्ही काठांवरच्या झाडाझुडपांचा नकाशा करायचा. सकाळी ऊन चढायच्या आत मंगलनाथापासून सिद्धवटाच्या बाजूला काठाकाठाने चालायचे, दिसेल ते झाड ओळखायचे आणि त्याची जागा मोबाइलवर टिपून ठेवायची. "माईआत्या, चल ना, तुला झाडं ओळखू येतात," म्हणून तिने मलाही ओढले.

झाडे मला ओळखू येतात, पण निम्मी नावे कानडीत येतात, कारण ती मला सासूबाईंनी शिकवली. करंज म्हणजे होंगे, जांभूळ म्हणजे नेरळे. उंबराला कानडीत अत्ती म्हणतात आणि आपल्याकडच्या बोलीत सासूलाही अत्तीच म्हणतात, हे सांगितल्यावर पोरगी हसून हसून काठावरच बसली. अर्जुनाचे कानडी नाव मात्र तिने वहीत लिहून घेतले : होळेमत्ती. होळे म्हणजे नदी. झाडाचा पत्ताच नावात घालून ठेवला आहे आपल्या लोकांनी.

घरी आल्यावर तिने संगणकावर उपग्रहाची चित्रे दाखवली. हिरवे पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंतल्या फरकावरून उपग्रहाला हिरवाई कळते. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची अशी चित्रे दर काही दिवसांनी, तीही फुकट मिळतात. मात्र त्यातला एकेक चौकोन 10 मीटरचा असतो. काठावरची झाडांची ओळ त्याहून अरुंद असली, तर ती शेताच्या रंगात मिसळून जाते. म्हणून पायी फिरण्याला पर्याय नाही.

"पण हे काम चैत्रातच का?" मी विचारले. त्याचे उत्तर मला फार आवडले. माळव्यात पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू-हरभरा असतो, तेव्हा उपग्रहाला सगळीकडेच हिरवे दिसते. गहू निघाला की शेते पिवळी पडतात, आणि मग नदीच्या कडेने जे हिरवे उरते ती खरी काठाची झाडे. आपल्याकडे ही युक्ती चालणार नाही, हे माझ्या लगेच ध्यानात आले. कृष्णाकाठी ऊस बारा महिने हिरवा! तिथे हिरवे काय ते पाहून भागणार नाही. उंचीही मोजावी लागेल, म्हणजे ऊस कुठे संपतो आणि करंज कुठे सुरू होतो ते कळेल.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एकच झाड एका जागी नदीचे रक्षण करते आणि दुसऱ्या जागी अडथळा होते. वळणावर जिथे पाणी काठाला धडका देते, तिथे अर्जुन, करंज, उंबर यांच्या मुळ्या माती धरून ठेवतात. शहराच्या वरच्या अंगाला सखल काठावर दाट झाडी असली, तर पाणी तिथे अडखळते, पसरते आणि पुराचा लोंढा खाली थोडा उशिरा आणि थोडा कमी उंचीने पोचतो. पण पुलाच्या तोंडाशी, अरुंद पात्रात तीच दाटी झाली की पाणी मागे फुगते. त्यात वाहून आलेली लाकडे आणि जलपर्णी अडकली तर विचारायलाच नको. लव्हाळा पुरात वाकतो आणि पाणी गेले की उभा राहतो, हे तुकोबांमुळे आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. बेशरमचे रान मात्र ओढ्याचे तोंडच बुजवून टाकते. तेव्हा "झाडे लावा" हे जसे अर्धे उत्तर, तसेच "पात्र साफ करा" हेही अर्धेच. कुठे राखायचे, कुठे विरळ करायचे आणि कुठे नव्याने लावायचे, हे नकाशाच सांगतो. आणि झाडांनी महापूर थांबतो, असेही कुणी समजू नये. धरणे भरल्यावर आठ-आठ दिवस पाऊस कोसळला तर झाडीही बुडतेच. पण पाणी ओसरल्यावर काठ जागेवर राहिला की नाही, हा प्रश्न उरतोच.

शिवाय काठावर बिऱ्हाडे किती! सुगरण पाण्यावर झुकलेल्या फांदीला घरटे टांगते. खंड्या काठाच्या उभ्या मातीत बीळ कोरतो. पाणमांजर मुळ्यांच्या पोकळीत पिले ठेवते. यांना एखाददुसरे झाड पुरत नाही, सलग ओळ लागते. मधेच अर्धा मैल ती तुटली की ये-जा थांबते. क्षिप्रा पुढे चंबळेला मिळते आणि त्या चंबळेवर खाली सुसरींचे अभयारण्य आहे. वर काठाची माती सुटली तर गाळ खालीच जाणार.

उज्जैनच्या काठाची एक जुनी नोंद कवीची आहे. कालिदासाच्या मेघदूतात क्षिप्रेवरचा वारा आहे आणि जवळच्या गंभीरा नदीच्या पाण्यावर झुकलेल्या वानीराच्या फांद्याही आहेत. वानीर म्हणजे वेत किंवा त्यासारखे पाण्यालगतचे झाड. त्याच गंभीर नदीवरच्या धरणाचे पाणी आज उज्जैनकर पितात. नदी आहे, नाव आहे, पण वानीर कुठे आहे, ते नकाशा केल्याशिवाय कसे कळणार?

हे सगळे घाईचे आहे, कारण 2028 साली उज्जैनला सिंहस्थ आहे. त्यासाठी क्षिप्रेच्या काठांवर सुमारे 29 किलोमीटर नव्या घाटांचे काम हाती घेतलेले आहे. कोट्यवधी भाविक येणार, त्यांना पाय ठेवायला सुरक्षित जागा हवीच. आत्या स्वतः पर्वणीला जाणारी. तीही म्हणाली, "घाट बांधा हो, पण जिथे उंबर आहे तिथे दत्तगुरूंना विचारून बांधा." सिद्धवटाला हात लावायची कुणाची छाती नाही, कारण त्याला देवाचा आधार आहे. साध्या करंजाला निदान नकाशाचा तरी आधार हवा. दगड एकदा बसला की तिथे काय होते, हे सांगायला कुणी उरत नाही.

आपल्याकडे सिंहस्थ नाही, पण पूर आला की संरक्षक भिंतीच्या आणि पात्र सरळ करण्याच्या मागण्या येतातच. त्याबरोबर अलमट्टीचा वादही येतो, मग महाराष्ट्राचे आकडे वेगळे आणि कर्नाटकाचे वेगळे. राजापूर बंधाऱ्यापाशी कागदावरची एक नदी संपते आणि दुसरी सुरू होते. आभाळातून घेतलेल्या चित्रात मात्र अशी रेघ दिसत नाही. शिरोळचा काठ आणि चिकोडीचा काठ त्यात एकाच ओळीत येतात. मग दोन्हीकडच्या भूगोलाच्या शिक्षकांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून एक नकाशा करायला काय हरकत आहे? त्यासाठी चांगला महिना आहे तो पावसाळ्याच्या आधीचा. पोरांना मोबाइल द्या आणि बरोबर एखादी जाणती आजी द्या. झाडांची नावे मात्र दोन्ही भाषांत लिहा. सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत आणि काठावरच्या कितीतरी गवतांची नावे आमच्या घरात फक्त त्यांनाच येतात.