जिभेखालची बेडकुळी

आमच्या कर्जत-खालापूर भागात कोणाच्या तोंडात गाठ आली म्हटलं की माणसं पुढचं बोलतच नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू-मिश्री आहेच. त्यामुळे तोंडातली गाठ म्हणजे कॅन्सर, हे समीकरण डोक्यात पक्कं.

माझ्या चुलतवहिनी मिश्री लावतात. याच धास्तीने त्यांनी दोन महिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. जिभेखाली डाव्या बाजूला निळसर, मऊ फुगवटा. दुखत नव्हता, पण बोलणं बोबडं व्हायला लागलं तेव्हा दादाच्या लक्षात आलं. एका डॉक्टरांनी सुई टोचली, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्राव निघाला आणि फुगवटा बसला. सगळे खूश. महिन्याभरात तो परत हजर!

मग मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि नाव कळलं, रॅन्युला. लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटा बेडूक. बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखं दिसतं म्हणून. गंमत बघा, आपणही दंडावरच्या फुगवट्याला बेडकुळीच म्हणतो.

जिभेखाली दोन्ही बाजूंना लाळेची एकेक ग्रंथी असते. तिची बारीकशी नळी फाटली की लाळ आजूबाजूच्या मांसात झिरपून साठते. खालच्या ओठावर, दाताखाली ओठ चावला गेल्यावर येतो तो पाणीदार फोड याच जातीचा, पण तो बराच जास्त आढळतो. जिभेखालचा त्यामानाने विरळा. कधी तो स्नायूंमधून खाली उतरतो आणि गळ्यावर सूज येते. मग तोंडात काहीच दिसत नाही आणि भलत्याच गाठीची शंका येते.

डॉक्टरांनी आधी बोटांनी चाचपलं, गळाही तपासला, मग सोनोग्राफी. गरज पडली तर एमआरआय करतात. सुई टोचून का भागत नाही, तेही त्यांनी छान सांगितलं. नळ गळतोय आणि आपण बादली रिकामी करतोय! फुगवट्याचं वरचं आवरण कापून कडा शिवून टाकायची पद्धत आहे, पण त्यातही तो बऱ्याचदा परत येतो. ती गळकी ग्रंथीच काढली तर परत येण्याची शक्यता फार कमी. तोंड कोरडं पडत नाही, कारण लाळेच्या बाकीच्या ग्रंथी असतातच. मात्र शेजारून जिभेची संवेदना नेणारी नस जाते, म्हणून हात सराईत हवा.

वहिनींची ग्रंथी काढली. काढलेला तुकडा तपासायला गेला तेव्हा मात्र कोणी जेवलं नाही धड. रिपोर्ट चांगला आला. या दुखण्याचा मिश्रीशी काही संबंध नव्हता, हेही कळलं. (मिश्री सुटली का, ते मात्र विचारू नका. निम्मी झालीय म्हणतात.)

माझ्या मनात राहिले ते दोन महिने. कॅन्सर असता तर तेच दिवस सगळ्यात मोलाचे होते, आणि नव्हता तर ते उगाच रडण्यात गेले. दोन्हीकडून तोटाच. म्हणून वाचणाऱ्या सगळ्या काकू-माम्यांना सांगणं एवढंच, तोंडातला फोड, गाठ किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवून या. आणि फोडून बसवलेला फोड परत आला, तर पुन्हा नुसती सुई टोचून घेऊ नका, तो येतोय कुठून ते विचारा.