इजाजत

खामगावच्या बाजारात गेलो की आमचा मोबाईल खिशात राहत नाही. चांदीच्या दुकानासमोर थबकलेली म्हातारी, एकच चहा कप-बशीत वाटून घेणारे दोन हमाल. असं काही डोळ्यांना दिसतं आणि पापणी लवेपर्यंत नाहीसं होतं. ते टिपायचा आम्हाला छंद जडला आहे.

फ्रान्सचे छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी याच कामात आयुष्य घालवलं. आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीने झाकत, म्हणजे रस्त्यावर कुणाचं लक्ष जाऊ नये. आम्हीही तसंच करायचो. गुपचूप काढायचा आणि पुढे निघायचं.

मार्चमध्ये भर दुपारी हातगाडीवर झोपलेल्या एका मजुराचा फोटो आम्ही असाच काढला. चपला उशाशी, तोंड उघडं. ‘मेहनतीची झोप’ असं लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खूप वाहवा झाली.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, “सर, अब्बा दिवसभर गाडी ओढतात. तुम्हाला ते झोपलेलेच का दिसले?” मागच्या बाकावर दोन मुलं हसत होती.

आमच्याकडे उत्तर नव्हतं. फोटो लगेच काढून टाकला; पण पाहिलेलं कसं पुसणार?

त्या रात्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९४८ सालचा श्रीनगरचा फोटो पुन्हा पाहिला. हरी पर्बतावर पहाटे दुआ मागणाऱ्या स्त्रिया, बहुतेक पाठमोऱ्या. समोर डोंगर, ढग आणि एकीचे पसरलेले हात. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, तरी त्यांची दुआ दिसते. कुणाची अब्रू उघडी न करताही क्षण टिपता येतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहूनही शिकलो नव्हतो.

जुम्म्याच्या नमाजनंतर त्या भाईंना गाठलं आणि माफी मागितली. ते संकोचले, मग हसले. “फोटो काढा ना सर. फक्त आधी सांगा.” त्यांनी टोपी सारखी केली, हातगाडीच्या दांड्यावर हात ठेवला आणि ताठ उभे राहिले.

छायाचित्रकाराच्या नजरेने तो फोटो साधाच आहे. आम्ही त्याची प्रत काढून दिली. ती आता त्यांच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे.