पंच्याण्णवचा आकडा

परवा कपाट आवरताना जुना ऑक्सिमीटर सापडला. सेल घातले, बोट अडकवलं. ९७! मग मास्तरकीची जुनी खोड... शिसपेन्सिल अडकवून पाहिली. आकडा आला नाही. म्हणजे यंत्र अगदीच थापाडं नाही.

पण याच यंत्राने मला एकदा फसवलं होतं.

एप्रिल २०२१. यांना करोना झालेला. यंत्र ९५ दाखवी, आणि ९४च्या खाली गेलं तरच धावपळ करायची हे आपण सगळ्यांनीच तेव्हा पाठ केलं होतं. "बोलताना धाप लागते गं," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पंच्याण्णव आहे ना! पडून राहा." सूनबाईने माझं ऐकलं नाही, म्हणून बरं. हॉस्पिटलात धमनीतलं रक्त तपासलं, तर ८९!

असं का व्हावं, म्हणून नंतर वाचत बसले. हे यंत्र थेंबभरही रक्त घेत नाही. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतं आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून हिशेब करतं. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ साली मांडलेली ही युक्ती. आता हिशेब बरोबर की चूक, हे कसं ठरवायचं? तर निरोगी माणसांना मुद्दाम कमी प्राणवायूची हवा देतात, रक्तातलं प्रमाण टप्प्याटप्प्याने सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि प्रत्येक टप्प्याला धमनीतल्या रक्ताशी यंत्राचा आकडा ताडून पाहतात.

परीक्षा चोख आहे हो, पण परीक्षेला बसवलेली माणसं बहुतेक गोरी! डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की, यंत्र ९२ ते ९६ म्हणत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८हून कमी निघाल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत शंभरात सुमारे ४, तर कृष्णवर्णीयांत सुमारे १२ होतं. तिथल्या औषध प्रशासनाने सगळ्या वर्णांची माणसं घेऊन चाचणी करा, असा मसुदा काढला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये.

आमचे हे चांगलेच सावळे. त्या दिवशी चूक वर्णामुळे झाली की गार पडलेल्या बोटांमुळे, ते आता कळायचं नाही. माझी चूक मात्र मला कळते. माणूस समोर धापा टाकत होता आणि मी आकडा वाचत होते.

असो. यंत्र टाकलं नाही मी. पण यांना ते लावलं की घड्याळ घेऊन मिनिटभर श्वासही मोजते. काल सोळा भरले. हे डोळे मिटूनच म्हणाले, "काय बाई, झाली का हजेरी?"