'माय फादर आर'

मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या इंग्रजी वह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं. 'माय फादर आर अ फिशरमन.' त्याच वहीत, दोन ओळी खाली, 'माय मदर इज अ हाउसवाइफ' मात्र बिनचूक असतं. मुलाला 'इज' आणि 'आर' कळत नाही असं म्हणून लाल रेघ ओढून मोकळं होता येतं. पण मग आईच्या वेळी त्याला ते कसं कळलं?

दोष इंग्रजीत नाही, प्रमाण मराठीत आहे. 'वडील आले', पण 'आई आली'. वडिलांना आदरार्थी अनेकवचन, आईला साधं एकवचन. मूल मनात 'माझे वडील मच्छीमार आहेत' असं जुळवतं आणि 'आहेत'च्या जागी 'आर' ठेवतं. म्हणजे चूक झाली तीही नियम पाळूनच. (आईला अनेकवचन का नाही, हा प्रश्न वर्गातल्या मुलींनी विचारावा म्हणून मी वाट बघते. विचारतात.)

पण हे मूल घरी 'माझे वडील आले' असं बोलतच नाही. मालवणच्या किनाऱ्यावर दांडी, तारकर्ली, देवबाग, कुठेही जा, तिथे ऐकू येतं ते 'माझो बापूस इलो' आणि 'आवस इली'. दोघंही एकवचनी. वर्तमानकाळ बघा (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) : 'माझो बापूस रापणीक जाता', 'सगळे रापणीक जातत'. 'जाता' म्हणजे 'गोज', 'जातत' म्हणजे 'गो'. मालवणीतून थेट इंग्रजीत गेलं तर बापाच्या बाबतीत चूक व्हायला जागाच नाही. आम्ही मास्तर मंडळी आधी मुलाच्या तोंडचा 'बापूस' काढून तिथे 'वडील' बसवतो आणि पुढच्या तासाला त्याच वडिलांपायी त्याचे गुण कापतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. किनाऱ्यावरचं मूल तेव्हापासून एकाच वेळी दोन नव्या भाषा शिकतं : पुस्तकातली मराठी आणि इंग्रजी. त्याची स्वतःची बोली मधल्या सुट्टीपुरती उरते. 'वस्त्रहरण' या नाटकाने मालवणी महाराष्ट्रभर पोचवली, पण बाहेरच्यांच्या लेखी ती हसायची बोली झाली, आणि ते हसू आमच्या शाळांतही शिरलं. वर्गात 'बापूस' म्हटलं की शेजारचा फिदीफिदी हसतो. व्याकरणासाठी ती बोली वापरायची असते, हे पटवायला निम्मा जून जातो.

त्यासाठी मी ग्रिअर्सनचा आधार घेते. त्याच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात आपल्या बोलीची नोंद 'कुडाळी' या नावाने आहे. बोलीबोलीचे नमुने घेताना बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घेतलेली आहे. मुलांना मी तीच गोष्ट आधी मालवणीत सांगायला लावते, मग इंग्रजीत लिहायला. बाप, दोन झील, एक वाट्याचं घेऊन निघून गेलेला, दुसरा घरी राबणारा. अशी गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक असते, फक्त नावं वेगळी. बाप धावत पुढे जातो तिथे कुणीही 'फादर रन' लिहीत नाही, कारण तोंडात 'बापूस धावता' तयार असतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मुंबईवर. 'माझो बापूस मुंबैक असता, चवतीक येता.' (चवत म्हणजे गणेशचतुर्थी.) या 'असता'ला इंग्रजीत काय म्हणायचं? पुस्तक सांगतं 'लिव्ह्ज'. मुलं कबूल होत नाहीत. त्यांच्या मते बापूस राहतो इथेच. घर, देव, सातबारा, सगळं इथे. तिकडे तो फक्त 'असता'. मग फळ्यावर 'वर्क्स इन मुंबई' येतं, तेव्हा सगळ्यांच्या माना हलतात. चाकरमान्यांच्या पोरांनी केलेला हा फरक मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळालेला नाही, आणि तो बरोबर आहे. 'चवतीक येता' मात्र सरळ 'कम्स' होतं, कारण दरवर्षी येतोच. यंदा यायचा असेल तर 'येतलो', म्हणजे 'विल कम'.

इंग्रजीला आदर कळत नाही, असा एक समज असतो. तिथेही एकेकाळी एकट्या माणसाला 'दाऊ' म्हणत आणि मोठ्यांना अनेकवचनी 'यू'. हळूहळू सगळेच 'यू' झाले. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर अनुयायी राजासमोरही 'दाऊ'च म्हणायचा हट्ट धरून बसले आणि लोकांचा राग ओढवून घेते झाले. एकट्या माणसाशी बोलताना आपण 'यू आर' म्हणतो, त्यातला 'आर' हा त्याच मानाचा अवशेष. फरक इतकाच की इंग्रजांनी मान समोरच्याला दिला. पाठीमागे बोलताना बाप 'इज'च राहिला.

मालवणी सगळीकडे तारून नेते असं नाही. आमच्याकडे लहान मुलगी नपुंसकलिंगी : 'चेडू इला', 'ता शाळेत गेला'. त्यामुळे धाकट्या बहिणीवरच्या निबंधात 'इट' उगवतं, तिथे प्रमाण मराठीतली 'ती' बोलवावी लागते. 'आमचो बापूस'चं 'अवर फादर' होतं, आणि एकुलत्या एका मुलानेही ते लिहिलेलं असतं. मग चर्चमध्ये जाणारी मुलं खुदकन हसतात, कारण त्यांची रोजची प्रार्थना याच दोन शब्दांनी सुरू होते.

मोठ्या अक्षराचा घोळ मालवणीनेच सोडवला. इंग्रजीत हाक मारताना किंवा नावासारखं वापरताना 'फादर'चं पहिलं अक्षर मोठं आणि मागे 'माय' नाही. दुसऱ्याला सांगताना 'माय' आणि लहान अक्षर. आमच्याकडे यासाठी शब्दच वेगळे आहेत. 'आवस' ही सांगायची, हाक 'गे आये'. 'बापूस' सांगायचा, हाक 'बाबा'. 'ए बापूस' अशी हाक कुणी मारत नाही. म्हणून मी विचारते, 'इथे बाबा म्हणशील की बापूस?' बाबा असेल तर मोठं अक्षर.

हे सगळं घोटून झालं की कुणीतरी 'फादर हॅव कम' लिहून आणतं. 'माय' नाही, अक्षर मोठं, म्हणजे नियम पाळलाय. 'हॅव' कुठून आलं म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, 'बाई, हे आमचे बाबा न्हय, चर्चचे फादर. फादर इले.' स्वतःचा बापूस 'इलो', पाद्री 'इले', गुरुजी 'इले'. पुढच्या तासाला 'माय टीचर आर' घ्यावं लागणार.