एकाच साच्यातले ढग आणि झुडूप

व्हिडिओ गेमकडे पाहण्याच्या दोन नजरा मराठी घरांत रूढ झाल्या आहेत. एक जुन्या पालकांची, जिच्या लेखी हा खेळ म्हणजे डोळे आणि अभ्यास या दोहोंचे वाटोळे करणारे खूळ. दुसरी त्याच घरांतून मोठ्या झालेल्या आणि आता स्वतः पालक असलेल्या मुलांची, जिच्यात मारिओचे नुसते नाव निघाले तरी पुढचे सगळे बोलणे बालपणाच्या गोडव्यात विरघळून जाते. या दोन्ही नजरांना खेळ असा दिसतच नाही, दिसतात ती त्याच्याभोवतीची माणसे. पिंपरीपासून भोसरी, तळवडे करत चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याला मात्र तिसरी एक नजर आयती लाभलेली आहे, आणि ती आहे तयार जॉब हातात घेऊन उलटासुलटा करून पाहणाऱ्या कारागिराची: हा कशातून काढला, माल किती वाया गेला, आणि ज्याने काढला त्याला कमी साहित्यात भागवण्याची अक्कल होती की नाही. जुन्या कन्सोलवरच्या खेळांना न्याय मिळतो तो याच नजरेकडून.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, केवळ खेळांसाठी घडवलेला संगणक. तो या पट्ट्यात पोहोचला तेव्हा पट्टा स्वतःच फारसा जुना नव्हता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात एमआयडीसीच्या भूखंडांवर मोठे वाहन कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपे येऊ लागली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीच्या माळावर सेक्टर आखायला घेतले आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने टीव्हीला रंग आले, आणि नव्वदच्या दशकात त्या रंगीत टीव्हीच्या अँटेनाची वायर काढून तिथे खेळाच्या यंत्राची वायर खोचली जाऊ लागली. यंत्रावर नाव असे सामुराई, मीडिया किंवा आणखी कसले तरी. आतला जीव मात्र निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या, जातीचा असे. खेळाच्या डबीला कॅसेट म्हणत, हातातल्या बटणांच्या पट्टीला रिमोट म्हणत, आणि बाकी जगात आठवड्याची सुट्टी रविवारी असली तरी विजेचा भार वाटून देण्याच्या सोयीने इथल्या कंपन्या गुरुवारी बंद राहत असल्यामुळे वडील घरी असण्याचा आणि टीव्ही मुलांच्या ताब्यात असण्याचा दिवस एकच असेलच असे नसे. नाईट शिफ्ट करून आलेला माणूस आतल्या खोलीत झोपलेला असला की आवाज पूर्ण बंद करून खेळावे लागे. कोजी कोंडो या संगीतकाराने मारिओसाठी रचलेली धून जगभर गाजली. कामगार वसाहतींतल्या कित्येक मुलांनी तो खेळ मुख्यतः मुकाच खेळला असणार.

त्या यंत्राची कुवत आजच्या हिशेबाने हास्यास्पद होती. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके घेई आणि काम करता करता लक्षात ठेवायची त्याची मेमरी २ किलोबाइट होती, म्हणजे या निबंधाचे एक पानही तिच्यात धड मावले नसते. सप्टेंबर १९८५ मध्ये आलेला सुपर मारिओ ब्रदर्स हा संपूर्ण खेळ, त्यातले आठ प्रदेश, बत्तीस टप्पे, पाण्याखालचे मासे, किल्ले, संगीत हे सगळे धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आणि त्यातही चित्रांसाठी राखलेली जागा केवळ ८ किलोबाइटची. ही अडचण कशी सोडवली हे पाहायचे असेल तर त्या खेळाचे पहिलेच दृश्य पुरेसे आहे. वर आकाशात पांढरे ढग आहेत, खाली जमिनीलगत हिरवी झुडपे आहेत, आणि दोन्ही आकृत्या एकच आहेत. ढगाच्या खालचा भाग जमिनीआड गेला आणि रंगांचा संच बदलला की त्याचेच झुडूप होते. आठ-आठ ठिपक्यांचे चौकोनी तुकडे एकदाच साठवायचे आणि कोणत्या जागी कोणता तुकडा कोणत्या रंगात बसवायचा एवढीच यादी ठेवायची, ही त्या यंत्राची रीत होती. खेळणाऱ्याला वर्षानुवर्षे हे कळत नाही, कारण वर दिसते ते ढग आणि खाली दिसते ते झुडूप असे त्याचे मन आधीच ठरवून बसलेले असते. प्रेस शॉपमध्ये एकाच डायमधून डावा आणि उजवा असे दोन्ही ब्रॅकेट काढून डायचा खर्च वाचवणाऱ्या माणसाला मात्र ते एकदा दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही. मारिओचा कर्ता शिगेरू मियामोतो याचे शिक्षण औद्योगिक रचनेचे होते, हे इथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

पडद्यावर हलणारी प्रत्येक वस्तू, मग तो मारिओ असो की बंदुकीची गोळी, ज्या एका किंवा अनेक छोट्या तुकड्यांची बनते त्यांना स्प्राइट म्हणतात, आणि फॅमिकॉमला एका वेळी ६४ स्प्राइट दाखवता येत, त्यातही पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त आठ. नववा आला की तो दिसेनासा होई. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो असा, की कोणी गाळायचा याची पाळी दर चित्रागणिक बदलत ठेवायची, म्हणजे कोणीही कायमचा गायब न होता सगळेच थोडे थोडे लुकलुकतात. कोनामी कंपनीच्या कॉन्ट्रामध्ये, ज्याची घरगुती आवृत्ती १९८८ ची आहे, गोळ्यांचा मारा वाढला की पडदा थरथरल्यासारखा वाटे तो यामुळे. कॉन्ट्रा हा धावत धावत गोळीबार करण्याच्या प्रकारातला खेळ. दोघांनी मिळून खेळायचा, आणि त्यातला धबधब्याचा टप्पा असा रचलेला की एकाने घाईने वर उड्या मारल्या तर पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला दुसरा खालच्या कडेवरून पडून मरतो. भावाभावांतली निम्मी भांडणे याच धबधब्यावर झाली असतील. हा टप्पा योगायोगाने तसा झालेला नाही असे मानावेसे वाटते, कारण संपूर्ण खेळात जोडीदाराचा वेग सांभाळण्याची इतकी कठोर परीक्षा दुसरी नाही.

याच संदर्भात नामको कंपनीचा १९८५ चा बॅटल सिटी, म्हणजे सगळ्या गल्ल्यांत ‘टँकवाला गेम’ म्हणून ओळखला गेलेला खेळ, जास्त वेळ थांबून पाहण्याजोगा आहे. तेरा बाय तेरा चौकटींचे एक मैदान, त्यात विटांच्या भिंती, पोलादी भिंती, पाणी, झाडी आणि बर्फ. खालच्या कडेला मधोमध विटांच्या कुंपणात एक गरुड, आणि वरून एकामागून एक उतरणारे शत्रूचे वीस रणगाडे. गरुड वाचवायचा आणि वीसही रणगाडे संपवायचे, एवढाच नियम. पण वीट गोळीने थोडी थोडी झिजते, पोलाद पुरेसे तारे मिळवल्याशिवाय फुटत नाही, पाण्यावरून गोळी जाते पण रणगाडा जात नाही, झाडीत रणगाडा दिसत नाही, आणि बर्फावर तो थांबवला तरी घसरतो: पाच पदार्थ आणि प्रत्येकाचा एकेक गुणधर्म, यांच्या मांडणीतून पस्तीस टप्पे उभे केले आहेत. साहित्यशास्त्रात ज्याला औचित्य म्हणतात, म्हणजे कोणतीही गोष्ट जिथे शोभेल आणि उपयोगी पडेल तिथेच असणे, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण खेळांत क्वचित सापडते. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे जी पाहून कोणताही सेफ्टी ऑफिसर मान डोलावील: स्वतःच्या गोळीने स्वतःचाच गरुड मरतो. शत्रू कितीही असोत, बहुतेक डाव आपल्याच माणसाच्या चुकीच्या दिशेने सुटलेल्या गोळीने संपतात. आणि ज्याला पस्तीस टप्पे अपुरे वाटत त्याच्यासाठी मैदान स्वतः आखण्याची सोय होती, जिच्यात प्राधिकरणाच्या चौकोनी सेक्टरांत वाढलेल्या मुलांनी गरुडाभोवती पोलादाच्या तीन-तीन रांगा घातल्या आणि मग खेळात काही मजाच उरली नाही हे स्वतःच अनुभवले.

शर्यतींच्या खेळांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रोड फायटरमध्ये समोरची गाडी चुकवायची आणि पेट्रोल संपण्याआधी पोहोचायचे. निन्टेन्डोचा १९८४ चा एक्साइटबाइक त्याहून शहाणा, कारण त्यात जोराचे बटण दाबून ठेवले की इंजिन तापते आणि तापून बंद पडले की इतर सगळे पुढे जात असताना कडेला उभे राहावे लागते. दुचाकींवर पोसलेल्या गावांत हे कोणाला शिकवावे लागले नसावे.

अलेक्सी पाजित्नोव याने १९८४ साली मॉस्कोत रचलेला टेट्रिस हा कोड्यांच्या प्रकारातला खेळ. चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून पडतात, त्या फिरवून आडवी रांग भरली की ती नाहीशी होते, आणि रांगा न भरता थर वर पोहोचला की डाव संपतो. यात जिंकणे नाहीच, केवळ टिकणे आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग तासातासाच्या हिशेबाने पुरवले जातात आणि गोदामात माल साचू न देणे हेच तिथे कौशल्य मानले जाते. त्या व्यवस्थेत राबणाऱ्या स्टोअरकीपरला टेट्रिसची तगमग वेगळी समजावून देण्याची गरज नाही.

डक हंट या बदकांवर नेम धरण्याच्या खेळाची बंदूक मात्र थोडी उकलून पाहिली पाहिजे, कारण तिच्याविषयीचा समज बहुतेकांनी उलटा करून घेतलेला असतो. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा बसवलेला असतो. चाप ओढला की क्षणभर पूर्ण पडदा काळा होतो, लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीला काळ्यानंतर पांढरे दिसले तर नेम लागला असे यंत्र ठरवते. म्हणजे गोळी बदकाकडून बंदुकीकडे येते. पॉवर प्रेसमध्ये हात गेला की यंत्र थांबावे म्हणून प्रकाशाचा जो पडदा लावतात तो याच तत्त्वाचा, फक्त तिथे प्रकाश अडला की क्रिया घडते आणि इथे प्रकाश दिसला की घडते. तो सेन्सर नसलेल्या प्रेसवर बोटे गमावलेले कामगार या पट्ट्यात अनेक आहेत, आणि साध्या डोळ्याचे मोल त्यांच्याइतके कोणाला कळणार. पुढे सपाट टीव्ही आले आणि या बंदुका कायमच्या आंधळ्या झाल्या, कारण त्यांचे सगळे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या किरणाच्या वेळेवर बांधलेले होते.

एक प्रकार मात्र इथे जवळजवळ पोहोचलाच नाही, तो म्हणजे भूमिकांचा खेळ, ज्यात पात्राचे बळ हळूहळू वाढवत दीर्घ कथा जगायची असते. १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट हा त्याचा जपानी नमुना. त्याला वाचायला भाषा लागते आणि काल कुठवर आलो हे टिपून ठेवण्याची काही तरी तजवीज लागते, आणि ‘९९९९९९९ इन १’ असे अभिमानाने छापलेल्या, प्रत्यक्षात मोजक्याच खेळांची वेगवेगळ्या टप्प्यांवरून पुन्हा पुन्हा यादी करणाऱ्या स्वस्त कॅसेटींत दोहोंचा अभाव होता. तेव्हा इथल्या मुलांच्या वाट्याला आले ते वीज गेली की शून्यावर येणारे खेळ, आणि वीज जात असे.

कॅसेट चालेना तेव्हा तिच्यात फुंकर मारण्याचा रिवाज जगभर होता आणि तो चुकीचा होता. फुंकरीतल्या दमट हवेने तांब्याचे टोक गंजते. खरा गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याने. खोडरबराने टोके घासणारी मुले फुंकर मारणाऱ्यांपेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ होती, आणि ही युक्ती ज्यांच्या घरात मेंटेनन्सचा माणूस होता त्यांच्याकडे आधी पोहोचली असेल तर नवल नाही.

मेंटेनन्सच्या माणसावरून गुनपेई योकोई याचे नाव घेणे अपरिहार्य ठरते. १९६५ साली निन्टेन्डो पत्ते छापणारी कंपनी होती आणि योकोई तिथे यंत्रांची देखभाल करायला नोकरीस लागला. रिकाम्या वेळात त्याने लांबवून पुढची वस्तू पकडता येईल असा एक लाकडी जाळीचा हात बनवला, मालकाने तो पाहिला, आणि दटावण्याऐवजी १९६६ साली खेळणे म्हणून बाजारात आणला. पुढे चार दिशांचे अधिक-चिन्हासारखे बटण, जे आजही प्रत्येक कन्सोलच्या रिमोटवर कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, ते १९८२ साली त्याच्याच टेबलावरून आले. नव्याकोऱ्या महाग तंत्रापेक्षा मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घेऊन त्याचा अनपेक्षित उपयोग करावा, असे त्याचे सूत्र होते. ज्या वर्षांत इथल्या शॉप फ्लोअरच्या भिंतींवर कायझेन, पोका-योके अशा जपानी पाट्या लागत होत्या आणि कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागवल्या जात होत्या, त्याच वर्षांत त्या विचाराचे एक मूर्त फळ त्यांच्या घरच्या टीव्हीखाली धूळ खात पडलेले होते, आणि हे दोन जपान एकच आहेत हे कोणी कोणाला सांगितल्याचे दिसत नाही. वडिलांना पाटी वाचायला लावली, मुलाला खेळ बंद करायला लावला.

आता पुण्यात खेळ तयार होतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यातला स्टुडिओ घेतला, आणि त्याचे बरेचसे काम भोसरीच्या भाषेत ज्याला जॉब वर्क म्हणतात त्या जातीचे राहिले: ड्रॉइंग दुसऱ्याचे, माप दुसऱ्याचे, काढून द्यायचे आपण. सप्टेंबर २०२० मध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत घडत असल्याचे जाहीर झाले, तिची पहिली झलक पाहून चित्रांच्या दर्जावर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये ते काम मूळ खेळ जिथे घडला होता त्या मॉन्ट्रियलला परत गेले. रिजेक्शन होऊन जॉब माघारी जाणे म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक शेडला ठाऊक आहे. फक्त ते वर्तमानपत्रात छापून येत नाही. त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूचा ‘राजी’ हा खेळ निन्टेन्डोच्याच स्विच या कन्सोलवर आधी आला. भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी गडांच्या वळणाच्या वास्तू, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती, आणि कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. खेळ लहान आहे, मारामारीत तोचतोपणा आहे आणि शेवट मध्येच तुटल्यासारखा वाटतो. त्याच्या कर्त्यांनी २०२२ साली सुधारित आवृत्ती काढली, म्हणजे रीवर्क केले, आणि ते करताना माप कोणाला विचारावे लागले नाही.