शिवायच्या आधीच तापलं!

अहो, हातातलं काम ठेवा आणि हे ऐका! अ‍ॅल्युमिनियमचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले तर ते किती टेकतात? सगळेच्या सगळे? छे! कितीही गुळगुळीत केलेला पृष्ठभाग जवळून पाहावा तर नुसते डोंगर आणि दऱ्या! चौरस मिलिमीटरला किलोभर वजनाचा दाब दिला, तरी खरा स्पर्श होतो तो शंभरातल्या अगदी मोजक्या भागांना!

मी भौतिकशास्त्र शिकलेलो नाही, हे आधीच सांगतो. पण इथे नारायणगावात घरच्या लॅपटॉपवर लॅम्प्स नावाचा प्रोग्रॅम टाकला, अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचा, चक्क फुकट! आणि मग अ‍ॅल्युमिनियमच्या अणूंचे दोन खडबडीत ठोकळे रचले आणि मग दोन्ही 300 केल्विनवर ठेवले आणि मग वरचा ठोकळा सेकंदाला 100 मीटर वेगाने खाली सोडला आणि मग बघतो तर काय, तो अजून कशाला शिवलाही नाही आणि तापमान 311! घर्षण नाही, स्पर्श नाही, मग अकरा अंश आले कुठून?

गंमत बघा! प्रोग्रॅमजवळ थर्मामीटर नसतोच! तो अणूंचे वेग मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. पुण्याला निघालेल्या एसटीत माणसं निवांत डुलक्या घेत असतात, पण रस्त्यावरून मोजाल तर प्रत्येक जण ताशी साठने पळतोय! ठोकळ्याचंही तेच! सगळ्यांचा मिळून असलेला वेग वजा करा. पुन्हा 300!

आता जरा जवळ या, ठोकळ्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या एखाद्या शिखराच्या टोकाशी. तिथे असतील शंभरेक अणू. एवढ्याशा घोळक्याचं तापमान काही न होताच 8 टक्क्यांनी, म्हणजे 24 अंशांनी, वरखाली होतं! एका क्षणाच्या आकड्यावर विसंबूच नका, सरासरी काढा.

आणि मग येते खरी उष्णता! दोन शिखरं अगदी जवळ आली की त्यांचे अणू एकमेकांना ओढतात, झपकन चिकटतात आणि सुटलेली ऊर्जा उष्णता होते! दाब वाढला की शिखरं चेपतात, त्या कामाचीही बहुतेक उष्णताच होते! ही वेग वजा करून जात नाही, सरासरीने पुसली जात नाही. टोकाशी उगवते आणि हळूहळू ठोकळाभर पसरते. डोळ्यांसमोर!

आणि हे सगळं कुठे बसून बघतोय? खोडदच्या शेजारी! तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि तिथेही रेडिओ गोंगाट केल्विनमध्येच सांगतात! पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना 1964 साली अमेरिकेत असंच साडेतीन केल्विन जास्तीचं तापमान सापडलं. त्यांनी अँटेनातली कबुतरांची घाण काढली, रिव्हेटच्या सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली, तरी आकडा हटेना! तो निघाला विश्वाच्या जन्मानंतरचा उरलेला प्रकाश! 1978 साली नोबेल!

म्हणून सांगतो, विचित्र तापमान दिसलं की लगेच खोडू नका. आधी विचारा: यात अख्ख्या ठोकळ्याचा वेग मिसळलाय का? अणू फार थोडे आहेत का? दोन्ही नसेल, तर ती खरी उष्णता आहे, तिच्या मागे लागा! लॅपटॉप उघडा, आजच करून बघा! आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदचं विज्ञान प्रदर्शन चुकवू नका!