डॉ. मोझेस, दोहा आणि आत्याचं मत

वरळीच्या आपल्या कब्रस्तानात जायचं तर रस्ता डॉ. ई. मोझेस रोडच. लहानपणी महालक्ष्मी स्टेशनला उतरलो की बाबा दर वेळी पाटीकडे बोट दाखवायचे, "हा आपला माणूस." डॉ. एलिजा मोझेस 1937-38 साली मुंबईचे महापौर होते. पाटी पाहिली की आम्हा पोरांची छाती उगाच फुगायची.

ती पाटी मला पुन्हा आठवली ती दोह्यात. 2015 साली मी नोकरीसाठी तिथे होतो आणि केंद्रीय नगर परिषदेची निवडणूक आली. 1999 पासून कतारमध्ये 29 मतदारसंघांतून या परिषदेचे सभासद निवडले जातात. पहिल्या निवडणुकीपासून बायकांनाही मत आहे. 2015 ला दोन बायका निवडूनही आल्या. परिषदेला कायदे करता येत नाहीत. रस्ते, गटारं, बागा, कचरा यांवर लक्ष ठेवायचं आणि सरकारकडे शिफारशी करायच्या, एवढंच तिचं काम.

चौकाचौकात उमेदवारांचे फोटो लागले होते. माझ्या मल्याळी सहकाऱ्याला अरबी वाचता यायचं. "हा बाग देणार, हा रस्ता नीट करणार," तो वाचून दाखवी. मी विचारलं, "आणि आपल्या गल्लीचं?" तो हसला, "आपण कुठे मतदार?"

खरंच होतं. मत फक्त कतारी नागरिकांना, आणि तिथे राहणारी बहुतेक माणसं परदेशी. मला जरा लागलं. कचरा आमचाही होता, रस्त्यावरून आम्हीही चालत होतो.

मग बाबांची पाटी आठवली. 1937 च्या मुंबईत तरी सगळ्यांना मत कुठे होतं? ते भाड्यावर आणि करावर ठरायचं. प्रौढ मतदानाने महापालिकेची पहिली निवडणूक झाली 1948 साली. त्याआधी गिरणगावातल्या चाळींमधल्या किती तरी माणसांना मतच नव्हतं. नळ, संडास, औषधोपचार यांची गरज मात्र त्यांनाच जास्त. आणि आपण बेने इस्राएल? लाखोंच्या मुंबईत काही हजार. नुसत्या आपल्या मतांवर आपला माणूस महापौर होणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यांनी त्यांना आपलं मानलं म्हणून ते तिथवर पोचले. पाटीचा अभिमान बाळगायचा तर ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी.

डॉक्टर नाडी बघताना रोग्याचं मत विचारत नाही. नगरसेवकानेही विचारू नये. तुंबलेलं गटार काही मतदारयादी बघून वाहत नाही. आज मजुरांच्या गल्लीत, तर उद्या बंगल्याच्या दारात.

इस्रायलमध्ये माझी आत्या राहते. तिला सांभाळणारी बाई केरळची आहे. तिला तिथे मत नाही. 2018 च्या नगरपालिका निवडणुकीत एक उमेदवार दारात आला आणि त्याने आत्याला विचारलं, "तुमच्यासाठी काय करू?" आत्या म्हणाली, "माझं राहू दे. ही रात्री बसमधून उतरते, त्या थांब्यावर दिवा नाही. तो लाव, मग माझं मत माग."

आता तुमच्यापैकी पुष्कळांना परक्या म्हटल्या जाणाऱ्या गावांत मताचा हक्क आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की आत्याला आठवा.